दुभाष्याचा एक शब्द

आमच्या न्चेऊ गावात माझा भाऊ कुठंही गेला, तरी त्याच्या आधी त्याचा आवाज तिथं पोचलेला असतो. मागच्या बुधवारी मी मका दळायला गेले होते. गिरणीवाल्यानं फोन खिळ्याला टांगलेला, आणि त्यातून लामेक बोलत होता. आजचा लामेक नव्हे, नऊ वर्षांपूर्वीचा. भरदार, ठाम, ऐकणाऱ्याला हाताला धरून उठवणारा आवाज.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"सिस्टर, देवाचं वचन आहे," गिरणीवाला म्हणाला.

"देवाचं नाही, माझ्या भावाचं आहे. बंद कर."

त्यानं आवाज थोडा बारीक केला, बंद काही केला नाही. मी पीठ न घेताच बाहेर येऊन उभी राहिले. ते वाक्य कधी येतं हे मला पाठ आहे आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी एनेलेसी म्सोसा, इथल्या दवाखान्यात नर्स. लामेक माझा धाकटा भाऊ. त्याच्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आतच गेली. तेव्हा बाबांनी नवस बोलला होता की आता होईल ते मूल जगलं तर ते देवाच्या व्यासपीठासाठी, म्हणजे पाळक व्हायला. बाबा आमच्या चर्चच्या मंडळातले एक ज्येष्ठ, तीस वर्षं चर्चच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला. लामेक जगला, म्हणजे देवानं शब्द पाळला, आता आपण पाळायचा, इतकं सरळ गणित होतं त्यांचं.

लामेकनं मात्र झोम्बाच्या विद्यापीठात इंग्रजी घेतलं. पाळकांच्या शाळेचा अर्ज घरात तसाच पडून राहिला. बाबांनी चार दिवस त्याच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "इंग्रजी शिकून देवाला अर्ज लिहिणार आहेस का?"

आई मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा वाढता वाढता म्हणाली, "का? देवाला इंग्रजी येत नाही की काय? सगळे गोरे मेल्यावर जातात कुठं मग?"

बाबांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. लामेक झोम्बाला गेला.

चार वर्षांनी पदवी घेऊन आला. आईनं ती काच लावून भिंतीवर टांगली आणि पदवीवाला दोन वर्षं आमच्या बटाट्याच्या शेतात कुदळ मारत राहिला. लोक काय, टपलेलेच असतात. "लामेक, कुदळीला इंग्रजीत काय म्हणतात रे?" असं जाता-येता विचारायचे. तो शांतपणे सांगायचा. एकदा एकानं "आणि बेकाराला?" असं विचारलं, तर यानं तेही सांगितलं, नीट उच्चार करून.

मग एका रविवारी परगावचे प्रवचनकार आले. त्यांचं इंग्रजी आमच्या चिचेवात सांगणारे मास्तर तिसऱ्याच वाक्याला अडकले. प्रवचनकार थांबले, मास्तर घाम पुसायला लागले, बायका कुजबुजायला लागल्या. आणि मागच्या बाकावरून लामेकनं ते वाक्य पुरं केलं. बसल्या जागेवरून. मास्तरांनी माईक आनंदानं त्याच्या हातात दिला.

आमच्याकडे दुभाष्याच्या कामाला जो शब्द आहे, तोच बकरीची दोरी सोडायलाही आहे. गाठ सोडणं. पण लामेक नुसता गाठी सोडत नव्हता. प्रवचनकार वाकला की हा वाकायचा, तो ओरडला की हा ओरडायचा, तो रडकुंडीला आला की याचाही गळा भरून यायचा. 'ते म्हणतात' असं दुभाष्यानं कधी म्हणायचं नसतं. प्रवचनकार 'मी' म्हणाला की यानंही 'मी'च म्हणायचं. आमच्या म्हाताऱ्या तर इंग्रजी बोलणाऱ्याकडे बघायच्याच नाहीत. पाहुणा बोलायचा तेवढा वेळ त्या तंबाखूची पुडी शोधायच्या, आणि लामेकनं तोंड उघडलं की मान वर करायच्या. वर्षभरात त्याला बलाका, देद्झा, पार लिलोंग्वेपर्यंत बोलावणी यायला लागली. माध्यमिक शाळेत नोकरीही लागली होती, पण आठवडाभर तो रविवारसाठीच जगायचा. बाबा म्हणायचे, "व्यासपीठावर चढला ना? इंग्रजीच्या शिडीनं का होईना." पाळकांच्या शाळेचा नवा अर्ज त्यांनी स्वतः जाऊन आणला. आता लामेकही नाही म्हणत नव्हता. जानेवारीत मुलाखत ठरली.

विद्यापीठातल्या एका सरांचं एक वाक्य त्याच्या तोंडी कायम असायचं. शब्दकोशातला शब्द सुकलेला असतो, माणसाच्या तोंडातला ओला शब्द उचला. हे तो मला इतक्या वेळा ऐकवायचा की मी म्हणायचे, "तुझे सर पावसाळ्यात भिजले असतील फार."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या मैदानावर तीन दिवसांची सभा झाली. केनियाहून पाळक ओगोला आले होते. साठीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. डोंगरावरून, मोझांबिकच्या हद्दीवरूनही माणसं चालत आली. तिसऱ्या दिवशी ओगोला ताईत-दोऱ्यांवर बोलले. लेकरांच्या कमरेला मुळ्या बांधता, उंबऱ्याखाली शिंगं पुरता, आणि रविवारी इथं येऊन गाता. मग ते इंग्रजीत म्हणाले की आपले ताईत-गंडे फेकून द्या.

याला आमच्याकडे नेमका शब्द आहे, झिथुम्वा. पण झिथुम्वा नेहमी शेजाऱ्याकडे असतात. स्वतःच्या घरात कुणाकडेच नसतात. स्वतःच्या घरात जे असतं त्याला माणूस मांख्वाला म्हणतो. पोराला नजर लागली, मांख्वाला बांधलं. पीक चोरीला जाऊ नये, शेतात मांख्वाला पुरलं. आणि ताप आला, दवाखान्यात जाऊन मांख्वाला आणलं. वैदूची मुळी मांख्वाला, दवाखान्यातली गोळीही मांख्वाला. एकच शब्द.

लामेक अर्धा क्षण थांबला. मी समोरच होते, मला ते दिसलं. मग म्हणाला, "तायानी मांख्वाला." मांख्वाला फेकून द्या. आणि पुढे, कुणी न सांगता, पुन्हा एकदा, "घरात लपवलेलं सगळं मांख्वाला."

मैदान हललं. माणसं उठून पुढे यायला लागली. कुणी कमरेचा दोरा तोडला, कुणी गळ्यातली पिशवी. घरी पळत जाऊन शिंगं, बाटल्या, गाठोडी आणली. ढीग झाला, तो पेटवला. ओगोला रडत होते. म्हणाले, असं मी माझ्या देशातही कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी लामेक जेवायला बसला तेव्हा त्याचा चेहरा नुसता उजळला होता. "ताई, पाहिलंस? झिथुम्वा म्हटलं असतं तर सगळ्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं असतं. मांख्वाला म्हटलं आणि प्रत्येकाला आपलंच घर आठवलं."

"वा," मी म्हटलं. "शिकलास खरा."

मी. सकाळी आठपासून चारपर्यंत ओंजळीनं मांख्वाला वाटणारी मी. माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. त्या 'वा'बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मी तेव्हा एचआयव्हीच्या गोळ्यांच्या विभागात होते. गोळ्या रोज घ्यायच्या, जन्मभर. दर दोन महिन्यांनी माणूस येतो, आम्ही पेटीतून त्याचं कार्ड काढतो, तो नवी बाटली नेतो. ऑक्टोबरमध्ये चार कार्डं पेटीतच राहिली. त्यातलं एक डोरिकाचं. डोरिका बाजाराच्या व्हरांड्यात शिलाई मशीन घेऊन बसायची. गावातल्या निम्म्या बायकांची झंपरं तिच्या हातची. पाच वर्षांत तिची एकही तारीख चुकली नव्हती.

मी तिच्या घरी गेले. दारात तिची आई, नाबांडा. उंच, ताठ बाई, प्रार्थनेला सगळ्यात आधी येणारी. "डोरिका झोपलीय," म्हणाली. "गोळ्यांचं आता नाव काढू नका, सिस्टर. आम्हाला वरून सांगणं आलंय."

"कुणी सांगितलं?"

"ज्यानं सांगायचं त्यानं."

मला वाटलं, हिंडणारा कुणी भोंदू असेल. खूप बोलले मी तिला, आवाज चढवून बोलले. आत डोरिका खोकत होती. नाबांडानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी आणखी तीनदा गेले. डिसेंबरात डोरिका गेली.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळात परदेशी पाहुणे आले होते. त्या दिवशी लामेकचं काम उलटं होतं. आमच्या माणसांची चिचेवातली साक्ष, देवानं आपल्यासाठी काय केलं ते, पाहुण्यांना इंग्रजीत सांगायची. तीन साक्षी झाल्या. चौथी नाबांडा उठली. काळ्या कापडाचा चितेंजे कमरेला गुंडाळलेला, हात समोर जोडलेले. मी दुसऱ्या रांगेत होते.

"मी नाबांडा," ती म्हणाली. "माझी एकच मुलगी होती."

लामेकनं इंग्रजीत सांगितलं, मी नाबांडा, माझी एकच मुलगी होती.

"ऑगस्टच्या सभेत देवाच्या सेवकानं आज्ञा केली. आम्ही घरी जाऊन मांख्वाला फेकलं."

लामेकनं तोंड उघडलं. आता त्याला मांख्वालाला इंग्रजी शब्द हवा होता. मला दिसलं, तो नाबांडाकडे बघत होता आणि ती पुढं बोलत होती, कारण तिला थांबायचं कळलं नव्हतं. "दवाखान्यातल्या गोळ्या. पाच वर्षं घेत होती ती. सिस्टर चारदा आल्या, पण आम्ही ढळलो नाही. माझी डोरिका आज्ञेत गेली. मला दुःख नाही."

तोंडात मारल्यासारखा उभा होता तो. पाहुणे वाट बघत होते. बाबा पहिल्या रांगेतून हळूच म्हणाले, "लामेक." मग त्यानं इंग्रजीत सांगितलं, सगळं, जसं तिनं सांगितलं तसं, 'मी' म्हणून. माझी मुलगी आज्ञेत गेली. मला दुःख नाही. त्याचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. पाहुण्यांतली एक बाई कपाळाला हात लावून खाली बघायला लागली.

घरी आल्यावर मी त्याला उरलेल्या तिघांची नावं सांगितली नाहीत, तो माझ्या पेशाचा नियम आहे. एवढंच सांगितलं, "आणखी तिघं आहेत. ऑगस्टनंतर आलेले नाहीत. अजून जिवंत आहेत."

"मी सांगतो," लामेक म्हणाला. "पुढच्या रविवारी. सगळ्यांसमोर."

बाबा खुर्चीवर बसून होते. "काय सांगणार?"

"की ओगोला ताईत म्हणाले होते. मांख्वाला मी म्हटलं."

"आणि नाबांडा?" बाबा म्हणाले. "ती रोज पहाटे उठते ती कशाच्या जोरावर? पोरगी देवासाठी गेली, या एका वाक्यावर. तू तिला सांगणार की पोरगी देवासाठी नाही, तुझ्या चुकीसाठी गेली? एक पोर नेलंस, आता तेवढंही नेणार?"

'नेलंस' म्हणाले ते. आई उठून आत गेली.

आमचे पाळकही घरी येऊन गेले. भले माणूस आहेत, पण भिडस्त. "तिघांना सिस्टर एकेकट्याला गाठून समजावतील की," म्हणाले. "सगळ्या मंडळापुढं कशाला? उद्या लोक म्हणतील, दुभाष्याच्या तोंडून आलेला कुठला शब्द खरा मानायचा? आणि तुझी मुलाखत आहे."

मी त्या तिघांकडे जात होतेच. ते मला बसायला चटई द्यायचे, शेंगदाणे द्यायचे, आणि त्यांच्या फोनवर लामेकचा आवाज लावायचे. सभेचं ध्वनिमुद्रण गावभर फोनाफोनांत पसरलं होतं. मिनीबसमध्ये, न्हाव्याकडे, गिरणीत. माझं बोलणं संपलं की माझ्याच भावाचा आवाज म्हणायचा, घरात लपवलेलं सगळं मांख्वाला.

लामेक त्या दिवसांत घराबाहेर पडेना. पडला तर आवाज ऐकू येई आणि तो वाट बदलून परत येई. मुलाखतीला गेलाच नाही. जेवताना मध्येच थांबून पुटपुटायचा, झिथुम्वा. त्याच्या जागी तो शब्द ठेवून बघायचा. मी म्हटलं, "अरे, तू काही मुद्दाम ध चा मा केला नाहीस."

"मुद्दामच केला, ताई," तो म्हणाला. "योग्य शब्द माझ्या जिभेवर होता. मला त्याच्यापेक्षा चांगला हवा होता."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नाबांडाला वाचवावं तर ते तिघं जातात. तिघांना वाचवावं तर नाबांडा. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी कुणाला न विचारता तो व्यासपीठावर चढला. बाबांनी मान खाली घातली, पण अडवलं नाही.

त्यानं फार वेळ घेतला नाही. इंग्रजी वाक्य सांगितलं, मग त्याचा खरा अर्थ. म्हणाला, "पाळक ओगोलांनी औषधाबद्दल एक शब्दही काढला नव्हता. देवानंही नाही. तो शब्द माझा होता. ज्यांनी गोळ्या टाकल्यात, त्यांनी उद्या सकाळी दवाखान्यात जा. माझ्यासाठी जा."

नाबांडा तिसऱ्या रांगेत होती. तिनं चितेंजे घट्ट केला, उठली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेली. दारापाशी ती थबकली, मला वाटलं मागं वळून बघेल. तिनं बघितलं नाही.

सोमवारी तिघांपैकी दोघं आले. एकाला मी ओळखलंच नाही आधी, इतका वाळला होता. तिसरा मोझांबिकमध्ये भावाकडे गेला होता, तो कधीच आला नाही. लामेकला त्यानंतर व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही, काहींनी बोलावलं तर तो गेला नाही. शाळेतली नोकरी वर्षभरात सोडली. आता तो जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी काम करतो. गोळ्यांच्या बाटल्यांवरच्या, भिंतींवरच्या इंग्रजी सूचना चिचेवात करतो. एका ओळीला कधी कधी तीन दिवस लावतो. साहेब वैतागतात. तो ओळ घेऊन बाजारात जातो, भाजीवाल्यांना, सायकलवाल्यांना वाचून दाखवतो आणि त्यांना काय कळलं ते लिहून घेतो. चर्चला येतो, मागच्या बाकावर बसतो, गाणी म्हणत नाही. बाबा गेले तेव्हा किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या.

आणि नाबांडा. दीड महिन्यानं एका दुपारी ती आमच्या व्हरांड्यात आली. आईनं तिला चटई दिली. ती बसली, सगळ्यांची विचारपूस झाली, पाऊस, मका, तब्येत. मग म्हणाली, "लामेकला बोलवा."

तो आला आणि आमच्याकडे बायामाणसांसमोर बसतात तसा गुडघे टेकून खाली बसला.

"त्या पाहुण्यानं इंग्रजीत काय म्हटलं होतं?" तिनं विचारलं. "तोच शब्द सांग."

"चार्म्स," लामेक म्हणाला.

"चामुसी," ती म्हणाली. "आणि दवाखान्यातल्या गोळ्यांना?"

"मेडिसिन."

"म्हणजे त्यांच्यात दोन शब्द आहेत."

"हो, आई," लामेक तिला म्हणाला.

तिनं अंगणाकडे बघितलं. कोंबड्या मक्याचे दाणे टिपत होत्या. आई पाणी आणायला उठली, तिला तिनं हातानं थांबवलं.

"डोरिका फेकायला तयार नव्हती," नाबांडा म्हणाली. "बाटली छातीशी धरून बसली होती. मला म्हणाली, आई, ते दोऱ्यांबद्दल बोलत होते, या गोळ्यांबद्दल नाही. तिला बरोबर कळलं होतं. मीच बाटली ओढून घेतली. मी म्हटलं, गप्प बस, तू लामेकपेक्षा शहाणी का? तो देवाच्या घरातला आहे आणि इंग्रजी शिकलेला आहे."